गावी घर बांधताय, तर चिऱ्याच्या आधी गवंड्याचा विमा काढा

पत्र:

दादा, नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो, मिस्टरांचं गाव चिपळूण तालुक्यात. जुनं मातीचं घर पाडून तिथंच 1,100 स्क्वेअर फुटाचं चिऱ्याचं घर बांधायला काढलंय. सगळा खर्च 35 लाख धरलाय, त्यातलं 22 लाख होम लोन. ठेकेदाराला लेबर रेटने 10 लाखात काम दिलंय, सिमेंट, सळई, चिरे, वाळू सगळं आम्ही आणून द्यायचं. बँक म्हणते लोनबरोबर 95 हजारांचा विमा घ्यावाच लागेल, तो लोनमध्येच टाकू. दीर म्हणतात घर झाल्यावर विमा काढतात, आत्ता पायासुद्धा नाही तर विमा कसला. ठेकेदार म्हणतो माझ्याकडे सगळं आहे, टेन्शन नको. पण मागच्या महिन्यात आमच्याच वाडीत दुसऱ्या एका बांधकामावर गवंडी परांचीवरून पडला, कमरेला लागलंय, अजून अंथरुणावर आहे आणि त्याचं कोणीच बघत नाहीये. तेव्हापासून मला झोप नाही. पावसाआधी स्लॅब टाकायचा आणि गणपती नव्या घरात आणायचे असं सासूबाईंच्या मनात आहे. मला नक्की कुठला विमा लागेल?

उत्तर:

ताई, तुम्ही त्या गवंड्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण घराचा विमा म्हटलं की सगळे भिंती, छप्पर, आग, चोरी एवढंच बोलतात आणि परांचीवर उभा असलेला माणूस राहूनच जातो. म्हणून मी पण तिथूनच सुरुवात करतो, स्लॅबचं आणि बँकेचं नंतर बघू.

कामावर असताना मजुराला अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची हा कायदा आपल्याकडे 1923 पासून आहे, आता तो 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलाय. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीची अर्धी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक आकडा असं ते गणित असतं, आणि ह्या हिशोबासाठी धरायच्या मजुरीची मर्यादा 2020 साली केंद्राने महिन्याला 15,000 केली. आता 30 वर्षांचा गवंडी धरा, त्या वयाचा आकडा आहे 207.98, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, होतात 15,59,850 रुपये. साडेपंधरा लाखांच्या वर, ताई. शिवाय जखमी झाला तर दवाखान्याचा खरा खर्च वेगळा, आणि भरपाई वेळेत दिली नाही तर त्यावर व्याज पण लागतं. तुमच्या 35 लाखांच्या बजेटमध्ये हा आकडा कुठंच धरलेला नसणार, कोणीच धरत नाही.

आता तुम्ही म्हणाल मजूर तर ठेकेदाराचे. बरोबर, पहिली जबाबदारी त्याचीच. पण लेबर रेटच्या कामात काय होतं ते तुम्हाला माहितीये, मुकादम दोन दिवस गायब झाला की बिगाऱ्यांची हजेरी तुम्हीच देता, कधी प्लंबर तुम्हीच बोलावता, कधी चिरे उतरवायला वाडीतली चार पोरं तुम्हीच लावता, आणि मग मालक नक्की कोण हा प्रश्न उभा राहतो. त्याचा निकाल लागायला वर्षं जातात आणि तोपर्यंत नोटीस तुमच्याही नावावर आलेली असते. आणि कायद्याचं सोडा, आपल्या घराच्या कामावर पडलेल्या माणसाच्या पोरांचं शिक्षण थांबलं तर त्या घरात राहायला तुम्हाला तरी बरं वाटेल का? तुमच्या पत्रातच त्याचं उत्तर आहे.

ह्याच्यासाठी जी पॉलिसी असते तिला कागदावर आता एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन म्हणतात, पण कंपनीच्या ऑफिसात जाऊन वर्कमेन कॉम्पेन्सेशन किंवा नुसतं डब्ल्यूसी पॉलिसी म्हणालात तरी चालेल, सगळे तेच म्हणतात. किती गवंडी, किती बिगारी, काम किती महिने आणि एकूण मजुरी अंदाजे किती, ह्यावर प्रीमियम ठरतो. बऱ्याचदा प्रत्येक मजुराचं नाव द्यावं लागत नाही, संख्या आणि मजुरी पुरते, पण हजेरीची वही नीट ठेवा कारण क्लेमच्या वेळी तो माणूस त्या दिवशी कामावर होता हे त्या वहीवरूनच दिसतं. दोन गोष्टी आवर्जून मागून घ्या. एक म्हणजे दवाखान्याच्या खर्चाचं कव्हर, ते बहुतेक वेळा वेगळं जोडून घ्यावं लागतं आणि एजंट आपणहून सांगत नाही. दुसरी म्हणजे ठेकेदाराने पुढे ज्यांना काम दिलंय त्यांचे मजूर, म्हणजे सेंटरिंगवाला (स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावणारा), फरशीवाला, वायरमन, ह्यांचा समावेश. खरं तर सगळ्यात जास्त जीव धोक्यात असतो तो सेंटरिंगवाल्यांचा आणि तेच नेमके कागदावर नसतात.

ठेकेदार म्हणतो ना माझ्याकडे सगळं आहे, मग त्याला सांगा भाऊ पॉलिसीची कॉपी व्हॉट्सॲपला टाक. त्यात तुमच्या गावाचा साइट म्हणून उल्लेख आहे का, तारीख चालू आहे का, किती माणसांची आहे, एवढं बघा. खूपदा ती पॉलिसी असते खरी पण दुसऱ्या कुठल्यातरी साइटची, मागच्या वर्षीची. तशी निघाली तर भांडत बसू नका, तुमच्या कामापुरती नवीन काढायला लावा, वाटल्यास प्रीमियम अर्धा अर्धा करा.

आणि ह्याच्या जोडीला, बिनखर्चात होण्यासारखं, सगळ्या मजुरांची बँक खाती असतीलच, त्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का विचारा. वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. ज्याची नसेल त्याचे 20 रुपये तुम्ही भरा. तसंच बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्या वाडीतल्या त्या गवंड्याची अशी नोंदणी आहे का हे पण कोणीतरी जाऊन विचारा, असली तर मंडळाकडे मदतीचा अर्ज करता येतो आणि घरच्यांना बऱ्याचदा हे ठाऊकच नसतं.

आता बांधकामाचा विमा. तुमचे दीर अर्धे बरोबर आहेत. आपण ज्याला घराचा विमा म्हणतो, भारत गृह रक्षा नावाची जी पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ठेवावीच लागते, ती चार भिंती आणि वर छप्पर असलेल्या राहत्या घराची आहे. अर्धवट उभ्या कॉलमना ती लागू होत नाही. पण म्हणून बांधकाम चालू असताना विमाच नसतो असं नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी आहे, कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, सीएआर म्हणतात तिला. नावात कॉन्ट्रॅक्टर आहे म्हणून घरमालकाला वाटतं ही आपली नाही, पण ती मालक आणि ठेकेदार दोघांच्या नावावर मिळून काढता येते आणि तुम्ही तशीच काढा, कारण माल तुमचा, पैसे तुमचे, लोन तुमच्या डोक्यावर.

ह्यात दोन भाग असतात. पहिला भाग बांधकामाचा, म्हणजे आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, चोरी, स्लॅब कोसळणं वगैरे, जे स्पष्ट वगळलेलं नाही ते सगळं. दुसरा भाग बाहेरच्या लोकांचा, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यात चिरा पडला किंवा शेजाऱ्याच्या घराचं नुकसान झालं तर. चिपळूणला 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात कसं भरलं होतं ते तुमच्या सासरच्यांना सांगायला नको, त्याच्या आदल्या वर्षी 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि दापोली मंडणगडकडे छपरंच्या छपरं उचलून नेली, आणि कोयनेचा 1967 चा भूकंप घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. म्हणजे हे कागदावरचे धोके नाहीत, आपल्याकडे येऊन गेलेत.

पण सीएआर काढताना लेबर रेटवाल्यांची एक ठरलेली चूक होते, ती तुमच्याकडून होऊ देऊ नका. ठेकेदाराचं ॲग्रीमेंट 10 लाखांचं, म्हणून पॉलिसी 10 लाखांची काढतात. विम्याची रक्कम घर पूर्ण झाल्यावर जेवढा खर्च होणार तेवढी लागते, तुम्ही आणून दिलेला माल धरून, म्हणजे पूर्ण 35 लाख. कमी दाखवलीत तर कंपनी भरपाई त्याच प्रमाणात कापते. समजा वादळात साडेतीन लाखांचं नुकसान झालं आणि पॉलिसी 10 लाखांची आहे, तर 10 भागिले 35 ह्या हिशोबाने तुम्हाला मिळणार 1 लाख, त्यातून परत एक्सेस म्हणजे आपण सोसायचा ठरलेला हिस्सा वजा. चिऱ्यांचे आणि सळईचे भाव मध्येच वाढले आणि बजेट 40 वर गेलं तर कंपनीला कळवून रक्कम वाढवून घ्या, थोडा प्रीमियम जास्त जाईल, जाऊ दे.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जी कोकणात घर बांधणाऱ्या प्रत्येकाने वाचायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सीएआर पॉलिसीत एक अट असते की काम बंद पडलं, पूर्ण किंवा थोडंसुद्धा, तर त्या काळात झालेलं नुकसान मिळणार नाही. आणि आपल्याकडे तर जून ते ऑगस्ट काम बंदच असतं! म्हणजे ज्या महिन्यात पूर येतो, दरड येते, वारा सुटतो, त्याच महिन्यात पॉलिसी हातात असून उपयोग नाही. अशी वेळ येऊ नये म्हणून पॉलिसी घेतानाच सांगायचं की पावसात साधारण ह्या तारखेपासून ह्या तारखेपर्यंत काम थांबणार आहे, त्या काळाचं कव्हर एंडॉर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला लेखी पुरवणी लावून, जोडून द्या. कंपनी काही अटी घालेल, उघड्या सळया झाकून ठेवा, खड्ड्यातलं पाणी काढायची सोय ठेवा, कोणीतरी राखण ठेवा, त्या पाळा आणि त्याचे फोटो काढून ठेवा. तोंडी सांगून सोडू नका, कागदावर शिक्का आला की मगच निवांत व्हा.

तशीच दुसरी अट गणपतीची. म्हणजे पॉलिसीत गणपती लिहिलेला नाही अर्थातच, पण असं लिहिलेलं असतं की बांधकामाचा जो भाग वापरायला सुरुवात केली त्या भागाचं कव्हर तिथंच संपलं. सासूबाईंनी माजघरात गणपती बसवला, चार पाहुणे राहायला आले, आणि वरचा मजला किंवा मागची पडवी अजून बाकी आहे, तर माजघर सीएआरमधून बाहेर गेलं आणि गृह रक्षा पॉलिसी अजून काढलेली नाही, मध्येच शॉर्टसर्किट झालं तर दोन्हीकडून काही नाही. मी सासूबाईंना नाही म्हणा असं अजिबात सांगत नाहीये, नव्या घरात पहिला गणपती हा आनंद मोठाच असतो. फक्त महिनाभर आधी कंपनीला लेखी विचारा की काही खोल्या वापरायला घेतोय, कव्हर चालू राहील असं एंडॉर्समेंट देता का, नसेल देत तर तेवढा भाग वायरिंग, दारं, खिडक्यांसकट पूर्ण करून त्याच दिवसापासून घराची पॉलिसी मिळते का बघा. वास्तुशांतीला पण हेच लागू.

बाकी काय मिळत नाही ते पटापट सांगतो. डिझाइनच चुकलं असेल तर सहसा नाही, म्हणून कॉलमचं लोखंड ठेकेदाराच्या अंदाजाने टाकू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा घ्या. काम निकृष्ट झालं असेल तर तो खराब भाग परत करायचा खर्च नाही, पण त्याच्यामुळे जो चांगला झालेला भाग मोडला त्याचं मिळतं, म्हणजे सेंटरिंगचे टेकू कमी लावल्याने स्लॅब खाली आला आणि खालची नीट बांधलेली भिंत फुटली तर भिंतीचं मिळेल. चोरीचं मिळतं, पण महिन्याच्या शेवटी सळया मोजल्या आणि कमी भरल्या ह्याला चोरी म्हणत नाहीत, कुलूप फोडलेलं दिसलं पाहिजे, पोलिसात तक्रार पाहिजे, आणि कुठला माल कधी आला त्याची चलनं. आणि शेजाऱ्याचा गडगा. तुमची जागा उतारावर असेल आणि पायासाठी डोंगराकडची बाजू खोदणार असाल तर आधार काढल्याने शेजाऱ्याची जमीन किंवा बांधकाम खचणं हे साध्या पॉलिसीत वगळलेलं असतं, ते वेगळं मागून घ्यावं लागतं. खोदाईच्या आधी शेजाऱ्याच्या भिंतींचे, असलेल्या भेगांचे तारखेसकट फोटो त्याच्या समोरच काढा, पुढची दहा वर्षांची भांडणं त्याने वाचतात.

एवढ्याशा घराच्या सीएआरला एजंट कंटाळा करतात, कमिशन थोडं आणि कागद जास्त. म्हणून न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया ह्या चार सरकारी कंपन्यांपैकी कोणाच्या तरी जवळच्या ऑफिसला स्वतः जा किंवा ब्रोकर गाठा, एक दोन खाजगी कंपन्यांचं कोटेशन पण घ्या. मंजूर नकाशा, ग्रामपंचायतीचे कागद, इंजिनिअरचं एस्टिमेट, ठेकेदाराबरोबरचा करार आणि कामाचं वेळापत्रक घेऊन जा. जोत्याचं काम सुरू व्हायच्या आधी पॉलिसी पाहिजे, स्लॅबच्या आदल्या दिवशी नाही. आणि मुदत थोडी जास्तच घ्या, कोकणात ठरलेल्या महिन्यात घर पूर्ण झालेलं मी तरी फारसं बघितलेलं नाही.

आता बँक. तुम्हाला जे 95 हजार सांगतायत तो बहुतेक घराचा विमा नाहीच, तो कर्जदाराच्या जीवाचा विमा आहे, मिस्टरांना काही झालं तर कर्ज फिटावं म्हणून. त्याची गरज नाही असं मी म्हणणार नाही, उलट 22 लाखांचं कर्ज आणि कमावणारा एक माणूस असेल तर असा विमा पाहिजेच. पण तो त्यांच्याच कंपनीचा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. आणि लोनमध्ये टाकू म्हणजे काय होतं बघा, साडेआठ टक्क्याने 20 वर्षं धरलं तर ह्या 95 हजारांचा हप्ता महिन्याला साधारण 825 रुपये, शेवटी जाऊन 1 लाख 98 हजार तुम्ही भरलेले असता. शिवाय कर्ज कमी होईल तसं ह्यातलं कव्हर पण बऱ्याचदा कमी होत जातं. त्यापेक्षा तेवढ्याच किंवा जास्त रकमेचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे ठराविक वर्षांचा नुसता जीवन विमा, मिस्टरांच्या नावाने घ्या, वर्षाला प्रीमियम भरा, बँकेला त्याची कॉपी द्या आणि मेलवर लिहून विचारा की कुठल्या नियमाने तुमचीच पॉलिसी बंधनकारक आहे. लेखी विचारलं की बहुतेक वेळा सूर बदलतो. सही करून बसला असाल तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री लूक असतो, त्यात परत करता येते. एक मात्र बँक मागू शकते, तारण असलेल्या घराचा विमा, आणि तो तसाही तुम्ही काढणारच आहात.

तो म्हणजे मगाशी सांगितलेली भारत गृह रक्षा. घर पूर्ण झालं की सीएआर संपायची वाट न बघता आधीच फॉर्म भरून ठेवा, एका दिवसाची पण फट नको. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नसते, तेवढंच घर परत बांधायला किती लागतील ते धरायचं. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणं हे सगळं मूळ कव्हरमध्येच आहे, आणि घरातल्या सामानाचं इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप मिळतं. पुढे वरती मजला चढवायचं डोक्यात असेल तर लक्षात ठेवा, कार्पेट एरिया 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर ते कंपनीला कळवून, जास्तीचा प्रीमियम भरून जोडून घ्यावं लागतं, नाहीतर वाढीव बांधकाम विम्याबाहेर.

सगळंच एकदम परवडणार नसेल तर माझा क्रम असा, पहिल्या मजुराने कुदळ मारायच्या आधी डब्ल्यूसी, जोत्याच्या आधी सीएआर, लोनचा पहिला हप्ता हातात यायच्या आत टर्म प्लॅन, आणि राहायला जाताना गृह रक्षा. ह्यातलं काही पुढे ढकलावंच लागलं तर टाइल्स स्वस्तातल्या घ्या पण डब्ल्यूसी ढकलू नका, हे मी हात जोडून सांगतो.

आणि देव न करो, काही झालंच तर आधी माणसाला दवाखान्यात न्या, मग त्याच दिवशी कंपनीला फोन आणि मेल दोन्ही करा. सीएआरमध्ये साधारण 14 दिवसांच्या आत कळवायची अट असते पण 14 दिवस थांबायचं कारणच नाही. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येऊन जाईपर्यंत ढिगारा हलवू नका, कोणाच्या जीवाला धोका असेल तेवढंच काढा आणि काढायच्या आधी व्हिडिओ करा. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी त्यांच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार, तिथं काही झालं नाही तर आयआरडीएआय म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 ह्या नंबरवर, आणि त्याच्याही पुढे ग्राहक आयोग आहेच. सीएआरचं कोटेशन आलं की पैसे भरायच्या आधी त्यातलं काम बंद पडण्याचं कलम शोधून मला पाठवा, त्यात काय लिहिलंय ते मी बघून सांगतो.